येझदीवर तीन खाड्या: पुणे ते रत्नागिरी, किनाऱ्याकिनाऱ्याने

मामाची अट एकच होती. "जेट्टी आली की चालवणारा बदलायचा."

गाडी, म्हणजे आमची येझदी मोटरसायकल, कागदोपत्री माझी. पण १९८८ साली ती कोरी करकरीत घरी आणली मामाने, पहिली दहा वर्षं तिच्यावरून कामाला गेला तोच, तेव्हा अट मान्य करण्यावाचून इलाज नव्हता. पुण्याहून ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर, तिथून बागमांडले, दाभोळ आणि तवसाळ या तीन जेट्ट्यांवरून फेरीबोटीने खाड्या ओलांडत रत्नागिरी, आणि आंबा घाटाने परत. जानेवारीतले सहा दिवस, सुमारे ७८० किलोमीटर. आकडा फोनचा आहे. गाडीचं मीटर गेल्या दिवाळीपासून एकाच आकड्यावर ठाण मांडून बसलंय.

येझदी रोडकिंग जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन. डाव्या पायाशी दांडीही एकच: आत दाबून उभी फिरवली की ती किक, परत खाली आणली की गिअर. कंपनी म्हैसूरची, आयडियल जावा. झेक जावा गाड्या तिथे १९६१ पासून बनू लागल्या, १९७३ पासून येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०२२ पासून येझदी नावाच्या नव्या गाड्या रस्त्यावर दिसतात. चांगल्या असतीलही, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत आणि त्यांना किकच नाही. मामा त्यांच्याकडे सुनेच्या माहेरच्या पाहुण्यांकडे बघावं तसा अदबीने बघतो.

पहाटे साडेसहाला चांदणी चौक सोडला. पिरंगुट-पौडपर्यंत थंडी, मुळशीच्या पाण्यावर धुकं इतकं की काचेवरून हात फिरवत चालवायचं. सहा व्होल्टचा आमचा दिवा धुक्यात देवघरातल्या समईइतकाच. म्हणून पहिला सल्ला: जुनी गाडी असेल तर उजाडता निघा, अंधारात घाट गाठू नका. आणि शनिवार-रविवार टाळा. ताम्हिणीत सुट्टीच्या दिवशी वळणावर गाड्या आडव्या लावून फोटो काढणारे असतात, आणि येझदीला पुढे-मागे दोन्ही ड्रम ब्रेक. आपण थांबायचं ठरवतो आणि ती थोडा विचार करून थांबते.

उतारावर मागून खांद्यावर थाप पडली. "गॅस दे."

"उतार आहे, मामा."

"म्हणूनच दे."

टू-स्ट्रोकचं हे गणित नव्या चालवणाऱ्यांना ठाऊक नसतं. पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं. लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटर बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली, तर चाकं इंजिनला जोरात फिरवतात पण आत पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे तेलही जात नाही. पिस्टन कोरडा घासतो, आणि नशीब खराब असेल तर इंजिन तिथल्या तिथे जाम होऊन मागचं चाक लॉक होतं. त्यामुळे दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक झटका गॅस द्यायचा. निजामपूरच्या बाजूला उतरेपर्यंत मी तेच करत होतो. मागून येणाऱ्या बसवाल्याला वाटलं असेल, पोरगं मस्तीत आहे. पोरगं ४१ वर्षांचं आहे.

माणगावला गोवा हायवे ओलांडताना नेहमीसारखी कोंडी. हवेवर थंड होणारं इंजिन कोंडीत तापतं. सरळ बंद करून गाडी ढकलत नेली. तिथून म्हसळा, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. पुण्यापासून सुमारे १७५ किलोमीटर, आम्हाला चहा-पाण्यासकट साडेसहा तास लागले. श्रीवर्धनला टाकी काठोकाठ भरून घ्या. पुढे खाडीपलीकडे किनाऱ्याचाच रस्ता धरायचा असेल आणि दापोलीला वर चढायचं नसेल, तर पंप शोधत बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागमांडले जेट्टी. सावित्रीच्या मुखावर इकडे रायगड, तिकडे वेशवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. तिकडचे लोक या फेरीबोटीला जंगलजेट्टी म्हणतात. दाभोळ-धोपावे ही फेरी २००३ मध्ये सुरू झाली, त्याआधी पलीकडे दिसणाऱ्या गावाला जायला चिपळूणपर्यंतचा वळसा घालावा लागे. फेरी चुकली तर रुसायचं नाही, पुढची येतेच. पण शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. बोटीवर दुचाकी गिअरमध्ये ठेवून स्टँडवर लावा आणि जवळच उभे राहा. लोखंडी पत्रा ओला असतो, चपलेला घसरतो तिथे स्टँडची काय कथा.

जेट्टीवर जे होतं ते प्रत्येक येझदीवाल्याच्या ओळखीचं आहे. गाडी उभी केली की पाच मिनिटांत पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ येतो. आधी लांबून बघतो. मग टाकीवर हात ठेवतो, परवानगी न मागता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग, "आमच्याकडे होती." मग आपली गाडी कोणाला, किती स्वस्तात विकली, ते सांगतो. शेवटी प्रश्न ठरलेला: "विकणार का?" बागमांडल्याला असे दोघे भेटले. दुसरे गृहस्थ म्हणाले, माझं लग्न ठरवायला वडील जावावरून गेले होते, मुलीकडच्यांनी आवाजावरूनच ओळखलं की पाहुणे आले. मामा अशा वेळी फुलतो. नवी महागडी गाडी घेतलेला माझा मित्र म्हणतो की तिच्याकडे लोक बघतात, पण बोलायला कोणी येत नाही.

वेशवीहून मामाची पाळी. बाणकोट, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले. या पट्ट्याबद्दल एवढंच म्हणेन की रस्ता अरुंद आहे आणि त्याचा वेगही ठरलेला आहे: ४० ते ५०. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सुरुची झाडं, मधे अचानक एखादं आवार, अंगणात वाळत घातलेली सुपारी, आणि वळणावर समोरून येणारी एसटी. मोठ्या गाडीवर इथे हात शिवशिवत राहतात. येझदीला तिसऱ्या गिअरमध्ये हाच वेग आवडतो. त्या वेगाला तिचा आवाज एकसुरी होतो, दोन ठोक्यांमध्ये एक बारीक टिंग ऐकू येते, आणि त्यात काही बिघडलं तर ते आधी कानाला कळतं, मग हाताला. मला हिच्यावर बसायला आवडतं ते याचसाठी. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसाचे कान इतके कामाला लागण्याचा दुसरा प्रसंग येत नाही. मामा मात्र असलं काही बोलत नाही. विचारलं तर म्हणाला, "हिला समजतं मला घाई नाही ते."

केळशीची वाळूची टेकडी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैहून दिसणारा सुवर्णदुर्ग, धोंडो केशव कर्व्यांचं मुरूड, सगळं वाटेवरच आहे. हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायचा असेल तर मुक्काम मुरूड किंवा कर्द्याला करा; आम्हाला गुहागर गाठायचं होतं, म्हणून तो राहिला. किनाऱ्यावर गाडी उतरवू नका. सगळे उतरवतात, मीही एकदा उतरवली होती, आणि नंतर दोन महिने ब्रेकच्या ड्रममधून वाळू निघत होती.

दाभोळच्या अलीकडे क्लचची केबल तुटली. वरच्या टोकाची शिशाची गोळी निसटली आणि लिव्हर मामाच्या मुठीत लुळी पडली. मी मागून म्हटलं, थांब, बदलू. पिशवी उघडली. स्पार्क प्लग होता, ठिणगीचे पॉइंट घासायला पॉलिश पेपर होता, अ‍ॅक्सिलरेटरची केबल होती. क्लचची नव्हती. ती मी आठवणीने बाजूला काढली होती, हे मला स्पष्ट आठवत होतं.

मामाने माझ्याकडे बघितलंही नाही. "बस मागे," म्हणाला.

जावा-येझदीत एक सोय आहे, जी वर्षानुवर्षं वापरूनही अनेक मालकांना माहीत नसते. गिअरची दांडी पायाने दाबली की आतला क्लच आपोआप सुटतो. हाताची लिव्हर न वापरता गिअर बदलता येतात, इतकंच काय, गाडी उभ्या जागेवरून निघूही शकते: पहिला गिअर टाकून दांडी दाबूनच धरायची, गॅस द्यायचा आणि पाय सावकाश सैल करायचा. मामाने तसंच केलं. पाय किती हळू वर आला ते मी मागून वाकून बघत होतो; बाळाच्या डोक्याखालचा हात काढावा तसा. गाडी लोण्यातून निघाल्यासारखी निघाली. दाभोळच्या उतारावर त्याने चारही गिअर असेच वापरले आणि जेट्टीच्या रांगेत आणून उभी केली.

मग खाली उतरला. "जेट्टी आली. तुझी पाळी."

बोट लागलेली, मागे दोन मोटारी आणि एक टेम्पो. मी दांडी दाबली, गॅस दिला, आणि पाय सोडला तो एकदम. गाडीने पुढचं चाक उचलल्यासारखी उडी घेतली आणि रॅम्पच्या तोंडावर बंद पडली. बोटीवरचा पोरगा ओरडला, "अहो काका, ढकला की!" टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. मी ढकलली. वाशिष्ठी ओलांडेपर्यंत मामा पाण्याकडे तोंड करून उभा होता, पण खांदे हलत होते.

धोपाव्याला उतरल्यावर त्याने जेट्टीबाहेरच्या मोकळ्या जागेत मला दहा वेळा निघायला आणि थांबायला लावलं. आठव्यांदा जमलं. येझदी असेल तर हा सराव घराजवळच्या मैदानात करून निघा, एवढं कळकळीने सांगतो. गुहागरला एका गॅरेजवाल्याने दुसऱ्या गाडीची वायर कापून, टोकाला स्क्रूची निपल लावून वीस मिनिटांत काम केलं. पैसे घेतले पन्नास, आणि एक चक्कर मारायला मागितली. हे गॅरेजवाले हळूहळू संपत चाललेत; आता पॉइंटची फट डोळ्याने बघून सांगणारा माणूस भेटला की मी त्याचं गाव लक्षात ठेवतो.

तिसरा दिवस छोटा: गुहागर, हेदवी, तवसाळ, शास्त्री ओलांडून जयगड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या चढावरून रत्नागिरी. आरे-वारेला सगळे थांबतात, तुम्हीही थांबाल, पण वळणावर नको, पुढे रुंद जागा आहे. रत्नागिरीत एक दिवस गाडी धुवून, प्लग काढून बघण्यात घालवला. प्लगचं टोक चॉकलेटी निघालं, म्हणजे मिश्रण बरोबर. काळं आणि ओलं निघालं तर पेट्रोल जास्त जातंय किंवा तेल जास्त झालंय. पांढुरकं निघालं तर पुढे जाऊ नका, इंजिन जास्त तापतंय. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुणं चुकवू नका, खारं वारं पत्र्याआधी वायरींची टोकं खातं. साखळी मात्र येझदीची पूर्ण बंदिस्त असते, तिला वाळूची भीती नाही.

तेलाबद्दल. मी लिटरमागे ४० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, टाकतो आणि मापाला औषधाच्या बाटलीचं टोपण वापरतो. आमची गाडी या रस्त्यांवर लिटरला २८ किलोमीटरपर्यंत गेली, म्हणजे ट्रिपला साधारण २८ लिटर पेट्रोल आणि सव्वा लिटरच्या आत तेल. तेल घरूनच न्या. टू-स्ट्रोक गाड्याच उरल्या नाहीत, त्यामुळे पंपावर मिळेल याची खात्री नाही. आणि टाकीत आधी तेल ओता, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप ढवळलं जातं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि हवेतली ओल धरतं. निघण्याआधी पेट्रोलची नळी नवी घाला, आणि परत आल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. पंधरा वर्षांवरच्या गाडीची आरसी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ती आणि पीयूसी जवळ असू द्या. आम्हाला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा कागद बघून झाल्यावर गाडीवरच गप्पा झाल्या.

परतीचं फार सांगण्यासारखं नाही. साखरप्याहून आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये, मधे एकदा इंजिन थंड करायला पंधरा मिनिटं, कोल्हापुरात मुक्काम. कोल्हापूर-पुणे हायवे हा या गाडीचा रस्ता नव्हे. डावी कड धरून ६० ने चाललो, ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलते. तिथे जेट्टी नसल्यामुळे पाळी कोणाची यावर कराडला चहा पिता पिता वाद झाला. मामाचं म्हणणं, वारणा ओलांडली, म्हणजे खाडीच धरायची.

घरी पोचल्यावर हेल्मेट ठेवायला गेलो तर चपलांच्या कपाटावर क्लचची केबल होती. पाकिटात, जशीच्या तशी, वर माझ्याच अक्षरात चिठ्ठी: विसरू नको.