एथ्निक स्टडीजचे तीन युनिट कुठे अडकतात

कॅल स्टेटची, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची पदवी हवी असेल तर एथ्निक स्टडीजचा निदान ३ सेमिस्टर युनिटचा एक कोर्स करावाच लागतो. कॉम्प्युटर सायन्स असो की नर्सिंग, सुटका नाही. आपल्या घरांतून कॅल्क्युलस आणि फिजिक्सकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं जातं आणि हा कोर्स 'कधीतरी उरकून टाकू' म्हणून मागे ठेवला जातो. मग पदवीचा अर्ज भरताना कळतं की भारताच्या इतिहासावरचा जो कोर्स मुलीने आवडीने घेतला होता, तो यात धरलेलाच नाही.

तो का धरत नाहीत, याचं उत्तर १९६८ मध्ये आहे. त्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला आणि तो मार्च १९६९ पर्यंत चालला. त्यातून एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज उभं राहिलं. मागणी अमेरिकेतल्याच चार समाजांचा अभ्यास त्यांच्या बाजूने शिकवण्याची होती: मूलनिवासी, आफ्रिकन अमेरिकन, एशियन अमेरिकन आणि लॅटिनो. जगभरच्या संस्कृतींची ओळख हा तिचा विषयच नव्हता. एबी १४६० या कायद्यावर ऑगस्ट २०२० मध्ये सही झाली, तेव्हा त्यात हेच चार समाज आले. त्याआधी जुलैत विद्यापीठाच्या विश्वस्तांनी स्वतःचा एक सैल नियम मंजूर केला होता. त्यात सामाजिक न्यायाचे इतर कोर्सही चालले असते. विधिमंडळाने तो बाजूला सारला. हे बरंच झालं, असं माझं मत. सैल यादीत दरवर्षी प्रत्येक विभाग आपला एखादा कोर्स घुसवतो आणि दहा वर्षांनी त्या अटीला काही अर्थ उरत नाही.

तेव्हा कोर्सच्या नावावर जाऊ नका, त्याच्या क्रमांकाआधीची अक्षरं बघा. एशियन स्टडीज म्हणजे आशिया. एशियन अमेरिकन स्टडीज म्हणजे अमेरिकेतले आशियाई. पहिल्यातला कोर्स चालत नाही, दुसऱ्यातला चालतो. सोशिऑलॉजीचा वंशभेदावरचा कोर्स कितीही चांगला असला तरी सोशिऑलॉजीच्या नावाखालीच असेल तर बाद; एथ्निक स्टडीजच्या विभागाबरोबर संयुक्तपणे नोंदलेला असेल तरच विचार होतो. शिवाय नुसती अक्षरं जुळून भागत नाही. ठरवून दिलेल्या पाच उद्दिष्टांपैकी निदान तीन त्या कोर्सच्या आराखड्यात असावी लागतात आणि कोर्सला तशी मान्यता मिळालेली असावी लागते. म्हणून एकाच कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सार्वजनिक कॉलेज, तिथून विद्यापीठात जाता येतं) एकाच विभागाचे दोन कोर्स असतात, त्यातला एक चालतो, दुसरा नाही.

मान्यता बघायची जागा म्हणजे असिस्ट डॉट ऑर्ग. तिथे कॉलेज निवडा, मग शैक्षणिक वर्ष निवडा. वर्ष चुकवू नका: कोर्स ज्या वर्षी केला त्या वर्षीच्या यादीत तो असायला हवा, पुढच्या वर्षी यादीत आला म्हणून मागचा धरत नाहीत. यादीतला रकाना कोणता, हे प्रवेशाच्या वर्षावर ठरतं. कॅल स्टेटमध्ये २०२१ पासून हा 'एरिया एफ' होता (त्याला जागा करायला समाजशास्त्रांचा एरिया डी १२ युनिटवरून ९ वर आणला), आणि २०२५ च्या फॉलपासून तो 'एरिया ६' झाला आहे. कम्युनिटी कॉलेजातून जाणाऱ्यांसाठी तेव्हापासून कॅल-गेटसी हा कॅल स्टेट आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) दोघांना चालणारा एकच ३४ युनिटचा आराखडा आहे, त्यातही हा एरिया ६ च. काउन्सेलर एफ म्हणाला आणि वेबसाइटवर ६ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. त्याआधीच्या आय-गेटसी या जुन्या आराखड्यामध्ये मात्र हाच रकाना एरिया ७ होता, तो २०२३ मध्ये आला. जुना कागद घेऊन बसलेल्यांचा घोळ इथेच होतो. २०२१ च्या आधीपासून खंड न पाडता शिकणाऱ्यांना जुन्या कॅटलॉगचा, म्हणजे प्रवेशाच्या वेळच्या नियमांचा, हक्क असू शकतो. तो लेखी मागून घ्या.

ग्रेडचा सापळा वेगळाच. कॅल-गेटसीत प्रत्येक कोर्सला किमान सी लागतो, सी मायनससुद्धा चालत नाही. थेट कॅल स्टेटमध्ये शिरलेल्यांना सी मायनसची सक्ती लेखन, वक्तृत्व, तर्कविचार आणि गणित या चारच गोष्टींना आहे. एथ्निक स्टडीजला नाही, अर्थात कॅम्पसचा किंवा विभागाचा वेगळा नियम नसेल तर. म्हणजे तोच डी एका वाटेने पास आणि दुसऱ्या वाटेने फुकट.

एपी यूएस हिस्टरीत (हायस्कुलात देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा) ५ मिळाले म्हणून हा कोर्स टळत नाही. त्या गुणांनी इतिहासाचा रकाना भरतो, हा नाही. हायस्कुलातला एथ्निक स्टडीजचा वर्गही इथे चालत नाही. ड्युअल एनरोलमेंटमधून, म्हणजे हायस्कुलात असतानाच कॉलेजात नाव घालून, कम्युनिटी कॉलेजचा मान्य कोर्स बारावीत असतानाच केला, तर मात्र तो धरतात. सगळ्यात स्वस्त आणि निवांत वाट हीच.

यूसीच्या बर्कली कॅम्पसचं शास्त्र निराळं. तिथली 'अमेरिकन कल्चर्स'ची अट प्राध्यापकांच्या सिनेटने १९८९ मध्ये मंजूर केली आणि १९९१ पासून ती लागू आहे. तिथे विभागाचं बंधन नाही. कोर्सच्या क्रमांकाशेवटी एसी असलं की झालं. आशयाची अट मात्र कडक: पाच गटांपैकी (वरचे चार आणि युरोपियन अमेरिकन) निदान तीन गटांची तुलना कोर्समध्ये हवी. त्यामुळे फक्त एशियन अमेरिकनांवरचा कोर्स, जो कॅल स्टेटला उत्तम चालतो, बर्कलीच्या या अटीला पुरत नाही. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्या मुलांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

चारांपैकी कोणता समाज घ्यायचा यावर बंधन नाही. भारतीय मुलाने एशियन अमेरिकनच घ्यावा असं कुठे लिहिलेलं नाही. घेतलाच तर घरबसल्या ऐकलेलं पुन्हा ऐकायला मिळेल ही समजूत चुकीची आहे. अमेरिकन नागरिकत्वासाठीचा १९२३ चा भगतसिंग थिंड खटला त्यात हमखास येतो. आपण उच्च जातीचे आर्य, म्हणून गोरे, असा दावा त्याने केला होता आणि सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. जातीचा विषय तिथून आपोआप निघतो, आणि तो आज नुसता इतिहास नाही: कॅल स्टेटने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. गदर चळवळीवर (अमेरिकेतल्या भारतीयांची ब्रिटिशविरोधी चळवळ) पेपर लिहायचा असेल तर लाहोरला फाशी गेलेले विष्णू गणेश पिंगळे आणि पुढे मेक्सिकोत शेतीतज्ज्ञ म्हणून नाव काढलेले पांडुरंग खानखोजे हे दोन मराठी धागे हाताशी आहेत.

वेळेचा हिशोब असा: एका युनिटला सेमिस्टरभरात साधारण ४८ तास, म्हणजे तीन युनिटला १४४. सोळा-सतरा आठवड्यांत आठवड्याला नऊ तास पडतात. तोच कोर्स सहा आठवड्यांच्या समरमध्ये घेतला तर आठवड्याला २४ तास होतात, आणि वाचन कमी होत नाही. इंटर्नशिप चालू असताना तो घेऊ नका.