पिंजऱ्यातला पाहुणा

भाजलेल्या खोबऱ्याच्या तुकड्याने अखेर काम केलं. सकाळी ओट्याखालून पिंजरा ओढला, तर आत बोटभर उंदीर. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, पण कुशी अशा थरथरत होत्या की श्वास मोजायची सोय नव्हती. घरउंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं. हत्तीचं तीसेक.

"बघत काय बसलायस? लांब नेऊन सोड," आई म्हणाली.

पिंजरा पिशवीत घालून निघालो. जोरात पेटणारी चूल लवकर विझते, हे आपल्याला पटकन पटतं. जर्मनीच्या माक्स रूबनर या शरीरशास्त्रज्ञाने 1908 साली साधारण असाच हिशेब मांडला होता: छोटा प्राणी ऊर्जा भराभर जाळतो, म्हणून लवकर आटोपतो. उंदीर जपून पाळला तरी दोन-तीन वर्षं; उघड्यावर बहुतेकांचा वाढदिवससुद्धा होत नाही.

पण वटवाघळं हा हिशेब पार विस्कटून टाकतात. सैबेरियात ओळखीसाठी वळं घालून सोडलेलं एक नर वटवाघूळ तब्बल 41 वर्षांनी पुन्हा सापडलं. वजन जेमतेम सात ग्रॅम, म्हणजे आमच्या या कैद्याच्याही निम्म्याहून कमी! थंडीत ते महिनोन्महिने निपचित पडतं, तेव्हा चूल मंद होते हे खरं. पण अशी झोप न घेणारी वटवाघळंही उंदराच्या कितीतरी पट जगतात.

मला वाटतं, खरी गोम पंखांत आहे. उंदराला मांजर, घुबड, साप आणि आमचा पिंजरा. उद्याचा भरवसा नाही, मग शरीराच्या डागडुजीवर खर्च कशाला? त्यापेक्षा वीस दिवसांत पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः संसाराला तयार. वटवाघूळ रात्री उडतं, दिवसा उंच कपारीत लटकतं. त्याला खाणारे कमी. म्हणून ते वर्षाला बहुधा एकच पिल्लू घालतं आणि अंगाची डागडुजी नीट करत बसतं. जुन्या वाड्याचा मालक जशी दर पावसाळ्याआधी कौलं चाळतो, तसं. उंदराचं घर म्हणजे भाड्याची खोली, गळकं छत कोण दुरुस्त करणार?

ओढ्यापलीकडे दार उघडलं. क्षणभर तो बाहेर यायलाच तयार नव्हता. मग गवतात एक रेघ हलली, संपलं.

दोनेक महिने शांततेत गेले. काल रात्री ओट्याखाली पुन्हा खुडबुड. तोच आला की त्याची नातवंडं, कळायला मार्ग नाही. आईने खोबरं भाजायला घेतलंय.