डेरापुकला श्वास अडला

कैलास परिक्रमेतलं दार्चेन, यमद्वार, तिथले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ते सोडते. डेरापुकच्या मुक्कामातली रात्र मात्र डोक्यातून जात नाही.

उंची पाच हजार मीटरच्या आसपास. कैलासाची उत्तर बाजू समोर उभी, आणि मी चिडले होते शेजारच्या काकूंच्या घोरण्यावर. ते अचानक थांबलं. हुश्श केलं. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना, तसा पोटात गोळा आला. हलवायला हात पुढे केला तोच त्यांनी दचकून मोठा श्वास घेतला, लागोपाठ धापा टाकल्या आणि पुन्हा घोरू लागल्या. पुन्हा शांत. रात्रभर हेच.

नर्सिंगच्या मुलींना मी हे दरवर्षी शिकवते. खाली साताऱ्यात आपला श्वास चालतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या तालावर; ऑक्सिजन थोडा घटला तर शरीर फारशी दखल घेत नाही. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. मानेत दोन्हीकडे, मेंदूकडे जाणारी धमनी दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढ्या कॅरोटिड बॉडी असतात. रक्तातला ऑक्सिजन घसरला की त्या मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. शास्त्रज्ञ हेमान्सना 1938चं नोबेल मिळालं ते या भागातल्या संवेदकांचं काम उलगडल्याबद्दल. पण भराभर श्वास घेतला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू ब्रेक लावतो. जागेपणी निभतं, झोपेत श्वास चक्क थांबतो. मग ऑक्सिजन आणखी घसरतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, की पुन्हा धापा. मूत्रपिंडं रक्तातलं अल्कधर्मी बायकार्बोनेट बाहेर टाकून काही दिवसांत ही अल्कधर्मिता बरीचशी सावरतात. डॉक्टर डायमॉक्सची गोळी देतात ते याच कामाला वेग यावा म्हणून.

सगळं पाठ. तरी काकू गप्प झाल्या की मी विठ्ठल विठ्ठल करत होते.

सकाळी डोल्मा-ला खिंडीची चढण. टाचेला फोड, आणि आमच्या म्होरक्याचं अखंड ‘चलो, चलो’. त्याला एक लगावावी असं वाटत होतं. ज्ञानोबा-तुकाराम म्हणत चढू, दिवे घाटात तर सहज जमतं. इथे ‘ज्ञानोबा’तच दम संपला, ‘तुकाराम’ राहिले पुढच्या पावलाला. गाण्यासाठी श्वास लांबवायचा तर गळ्यातल्या त्या दाण्यांची परवानगी लागते, आणि ती मिळेना.

एका दगडाला टेकले होते. मागून एक तिबेटी आजी आली, हातात माळ, ओठांवर मंत्र, न तुटता. एक शब्द न बोलता तिने माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली, कोपर धरलं आणि स्वतःच्या चालीने चालवू लागली. इवलं पाऊल, एक श्वास. इवलं पाऊल, एक श्वास. मी घाई केली की कोपर दाबायची. मध्येच याकच्या दुधाचा टणक, वाळवलेला तुकडा तोंडात घातला. तो चघळताना आपसूक नाकाने श्वास घेतला गेला. तिबेटींची शरीरं हजारो वर्षं याच हवेत घडलेली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांचा ऑक्सिजन घटल्यावरचा श्वासाचा प्रतिसाद मंदावलेला असतो, तसा यांचा नसतो. रक्तही तितकं दाट होत नाही. हे वर्गात सांगताना त्या कोपरावरच्या बोटांची मला कुठे कल्पना होती!

खिंडीच्या माथ्यावरच्या पताकांपाशी तिने पिशवी परत केली आणि निघून गेली. नमस्कारही राहिला. खिंडीपलीकडचं गौरीकुंड तळं वरूनच पाहिलं.

थोड्या वेळाने काकू पोचल्या. फुगलेला चेहरा, पहिलंच वाक्य: “रात्री तुम्ही श्वास धरून काय पडत होता हो? घाबरून माझा डोळ्याला डोळा लागला नाही!”