देवळाली कॅम्पातून कराना देशात

आमच्या खात्यात कोणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिरक्षण मिशनसाठी अर्ज केला की पहिला प्रश्न येतो, भत्ता किती मिळतो? अर्जदार बाई असेल तर दुसरा, घरचे सोडतात का? मी नाशिक ग्रामीणला सहायक पोलीस निरीक्षक आहे. दोन्ही प्रश्न पोटभर ऐकून झालेत. तिथे जाऊन पोलीस नेमकं करतो काय, हे मात्र कोणाला विचारावंसं वाटलं नाही. म्हणून तयारी कशी झाली ते लिहितेय.

निवडीचं थोडक्यात सांगते. किमान 5 वर्षांची सेवा हवी, विभागीय चौकशी चालू नको, आणि मग इंग्रजी, गाडी, पिस्तूल. इंग्रजीत वाचन-श्रवणाबरोबर अहवाल लिहायला लावतात, तोंडी मुलाखतही असते. फायरिंगची धास्ती नव्हती. त्र्यंबक रोडच्या अकादमीत ते घोटून घेतलेलं होतं. गाडीचं मात्र कोणी आधी सांगत नाही. आपल्याकडे अधिकारी झालं की माणूस ड्रायव्हरशेजारी बसतो आणि स्टेअरिंगचा हात जातो. मिशनमध्ये गाडी स्वतः चालवायची असते, तीही गिअरची. भावाची जुनी बोलेरो घेऊन मी सुट्टीच्या दिवशी पेठ रोडच्या एका माळावर खुंट्या ठोकल्या आणि त्यांच्यामधून रिव्हर्स घ्यायचा सराव केला. गुराखी पोरं बघायला जमायची आणि न मागता मार्क द्यायची.

निवड झाली म्हणजे लगेच विमानाचं तिकीट येत नाही. या मधल्या काळात एका बॅचमेटने देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांकडे धाडलं. ते काँगोत लष्करी निरीक्षक होते. सरकारी प्रशिक्षण दिल्लीला, 2000 साली सुरू झालेल्या पीसकीपिंग केंद्रात होतं. त्याआधी ज्यांना समजून घ्यायचंय त्यांना साहेब रविवारी सकाळी घरीच बसवतात. फी नाही. उशिरा येणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

पहिल्याच रविवारी लक्षात आलं की इथे मी एकटी पोलीस नाही आणि सगळे पोलीसही नाहीत. दक्षिण सुदानला स्टाफ ऑफिसर म्हणून निघालेले एक मेजर होते. सुरगाण्यात पाणी आणि महिला आरोग्यावर वर्षानुवर्षं काम केलेल्या एक ताई होत्या. त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेतून जायचं होतं. पाणीपुरवठ्यातला एक इंजिनिअर होता. साहेबांनी मुद्दाम एका खात्याची दोन माणसं कधी शेजारी बसू दिली नाहीत.

अभ्यासाला देश होता कराना. नकाशात शोधू नका. संयुक्त राष्ट्रांनी प्रशिक्षणासाठी रचलेला हा काल्पनिक देश आहे. राजधानी गालासी, फालिन, तात्सी आणि कोरी असे तीन समाज, बंडखोर गट, कोलमडलेलं सरकार. खऱ्या देशाचं नाव घेतलं की वर्गात राजकारण सुरू होतं, म्हणून ही युक्ती. आम्ही करानाच्या भानगडींत इतके शिरलो की मेजरसाहेब एकदा चहा पिता पिता तिथल्या राष्ट्राध्यक्षांवर खरोखरच चिडले.

मिशनचा प्रमुख बहुधा मुलकी माणूस असतो, सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी. फोर्स कमांडर आणि पोलीस कमिशनर त्याच्या हाताखाली. हे कळल्यावर मेजरसाहेब म्हणाले, "म्हणजे सॅल्यूट ठोकायचा तो सुटातल्या माणसाला." ताई म्हणाल्या, "आम्हाला आयुष्यभर तुमच्या गेटवर थांबायची सवय आहे, आता तुम्ही थांबा." यानंतर वर्ग मोकळा झाला.

सगळ्यात घासाघीस झाली ती गेटवरूनच. प्रसंग असा: रात्र, मिशनच्या तळाबाहेर हजारो माणसं जीव मुठीत धरून आलेली, त्यांत वर्दी टाकून मिसळलेले काही सैनिकही असावेत. उघडायचं का? मेजरसाहेबांना आधी बाहेर गस्त आणि आतला पहारा हवा होता. मी लगेच झडतीच्या रांगा, बायकांची वेगळी, शस्त्रं बाजूला, यावर आले. 2015 च्या सिंहस्थात रामकुंडाकडचा बंदोबस्त केलेली माणसं आम्ही, गर्दी दिसली की डोक्यात बॅरिकेड उभे राहतात. ताईंनी विचारलं, "संडास कुठे? पाणी किती लांब? तिथे उजेड आहे का?" आम्ही दोघं गप्प.

मग साहेबांनी करानाचा नकाशा बाजूला ठेवला. डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली तेव्हा जुबा, बोर, मलाकाल, बेंटियू इथल्या तळांची गेटं खरोखर उघडली होती. हजारोंनी माणसं आत आली आणि कित्येक जण वर्षानुवर्षं तिथेच राहिले. त्याच महिन्यात 19 तारखेला अकोबोच्या छोट्या तळावर आसऱ्याला आलेल्यांच्या मागावर सशस्त्र जमाव घुसला; तिथे शांतिसेनेतले आपले दोन भारतीय जवान मारले गेले. आणि जिथे तळ टिकले तिथे पुढे बायका सरपणाला कुंपणाबाहेर गेल्या की हल्ले होत. म्हणजे ताईंचा प्रश्न सुरक्षेचाच होता. सरपणाच्या वाटेवर सैनिक, पोलीस आणि मुलकी कर्मचारी अशी एकत्र गस्त का लागते, ते त्या सकाळी कळलं. गस्तीची वेळ मेजर ठरवतील, पण बायका कोणत्या वाटेने आणि कधी निघतात हे ताईंनाच कळणार, कारण त्या विचारतील.

माझी स्वतःची कसोटी वेगळ्या ठिकाणी लागली. एक बाई येते, अत्याचार झाल्याचं सांगते. तुम्ही काय करता? मी म्हटलं, फिर्याद, वैद्यकीय तपासणी, पंचनामा. इथे दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंदवणं बंधनकारक आहे, आणि हद्द आपली नसली तरी गुन्हा झिरो नंबरने नोंदवून घ्यायचा आणि मग त्या हद्दीच्या ठाण्याला पाठवायचा, हे आमच्या रक्तात असतं. साहेब म्हणाले, मॅडम, दक्षिण सुदानात तुम्हाला अटकेचा अधिकार नाही. तपास यजमान देशाच्या पोलिसांचा, आणि कदाचित आरोपी त्यांच्यातलाच आहे. नोंद कोणाकडे देणार?

ताईंनी माझ्या कागदावरचं त्या काल्पनिक बाईचं नाव खोडलं. आधी उपचार, मग ती काय म्हणते ते, आणि तिच्या संमतीशिवाय तिचं नाव कोणत्याही अहवालात नाही. मी भांडले. नोंदच नाही तर उद्या खटला कशावर उभा करायचा? ताई म्हणाल्या, उद्यापर्यंत ती जिवंत राहायला हवी. त्यांचं पटायला मला बरेच रविवार लागले, आणि अजूनही मला वाटतं की मुलकी मंडळी पुराव्याच्या बाबतीत फार ढिली असतात. हे मी त्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्याकडून पंचनाम्याची शिस्त शिकून घेतली: पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, वेळ आणि ठिकाण आधी. मेजरसाहेबांचे अहवाल चार ओळींत संपायचे, ताईंचे चार पानांत, माझे मधले.

अवघड तास आला तो आपल्याच माणसांच्या वागणुकीचा. नियम सरळ आहेत: 18 वर्षांखालील कोणाशीही लैंगिक संबंध नाही, तिथला कायदा काहीही म्हणो, पैसे, अन्न, नोकरी यांच्या बदल्यात कोणाशीही नाही. पण नियम मोडला तर तिघांच्या वाटा वेगळ्या. तुकडीतल्या जवानावर फक्त त्याच्या देशाची कारवाई चालते. माझ्यासारखा पोलीस आणि लष्करी निरीक्षक 'मिशनवरचे तज्ज्ञ' धरले जातात, म्हणजे ना तुकडीतले जवान, ना मुलकी कर्मचारी; त्यांची वाट निराळी. मुलकी कर्मचाऱ्याला संयुक्त राष्ट्रं नोकरीवरून काढू शकतात, पण त्यांच्याकडे स्वतःचं फौजदारी न्यायालय नाही. एकाच गुन्ह्याला तीन दारं, आणि तक्रार करणाऱ्या बाईला बाहेरून ती तिन्ही सारखीच दिसतात. इंजिनिअरने विचारलं, मग तिने जायचं कोणाकडे? साहेबांनी तक्रारीची यंत्रणा फळ्यावर काढून दाखवली. आकृती चांगली होती. कराना देशातल्या बाईला ती दिसणार कशी, यावर तास संपला.

मेजरसाहेब गेले, जुबातून अधूनमधून मेसेज येतो. ताईंच्या मुलाखतीची तारीख लागली आहे. माझी ऑर्डर अजून यायची आहे. तोवर पिवळ्या तापाची लस घेऊन ठेवली, कारण तिचा दाखला दहा दिवसांनंतर लागू होतो आणि आमच्याकडे ऑर्डर येते ती बहुधा 'तात्काळ कार्यमुक्त करावे' अशी.