बाबांना काय, काहीही चालतं

ही झोपली. मला झोप नाही. कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायला गेलो तर "अहो, एवढ्याचं काय" असंच ऐकावं लागेल. म्हणून इथे लिहितोय.

काल येवल्याला गेलो होतो. बबडीच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, लग्नाची पैठणी. दोन तास गादीवर बसून पाय मोडल्यावर समोर दोन साड्या उरल्या. एक मोतिया, राणी काठाची. दुसरी शेवाळी, काठ जांभळा. आक्काचं मत मोतियाला, हिचं दर पाच मिनिटांनी बदलत होतं. दुकानदार म्हणाला, "आता बाबांना विचारा की." बबडीने मानही वर केली नाही. "बाबांना काय, काहीही चालतं."

सगळे हसले. मीही हसलो. मग चहा आला.

एवढंच झालं. कुणी काही वाईट बोललं नाही. पण परतताना गाडीत मागे तिघींची बडबड चाललेली आणि माझ्या डोक्यात तेच एक वाक्य. आज प्रेसवर, म्हणजे माझ्या पत्रिकांच्या छापखान्यात, दिवसभर तेच.

कारण त्या आधी पाचच मिनिटं मी ती शेवाळी साडी उचलून दारात उन्हात नेली होती. ट्यूबखाली ती मळकट दिसत होती. उन्हात धरली तर हिरव्यातून जांभळी झाक वर आली. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा, त्यामुळे घडी हलली की रंगही हलतो. धूपछांव म्हणतात ती ही. असला रंग मला जन्मात छापता यायचा नाही. पदर उलटाही करून पाहिला. मोराच्या कडेला एक धागा लोंबत नव्हता, मुनियांची, म्हणजे छोट्या पोपटांची, रांग सुलट बाजूला जशी तशीच उलट बाजूला. आमच्याकडे चार रंग एकावर एक नीट बसवताना रजिस्ट्रेशन केसभर सरकलं तर गणपतीला दोन सोंडा येतात. आणि हा माणूस मागावर एकेक रंगाची कांडी हाताने फिरवून, रंगात रंग अडकवत हे विणतो. मी आत आलो ते "हीच घे" म्हणायलाच. ओठांवर होतं. तेवढ्यात ते वाक्य आलं.

दुकानदार पुढे बरंच सांगत होता. रेशीम बंगळूरचं, जर सुरतेची, २०१० साली पैठणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, हातमागाची खूण काय, पॉवरलूमची काय. मी माना डोलावल्या. मोतिया घेतली. मोतियाही वाईट नाही. बबडीला शोभेल.

पण काहीही चालतं? मला?

ज्या माणसाने निम्मं आयुष्य दोन लालांमधला फरक बघण्यात घालवलं त्याला? गिऱ्हाईक सांगतं "कुंकवाचा लाल हवा", आणि कुंकवाचा लाल घरोघरी वेगळा असतो. कुणाचा शेंदराकडे झुकतो, कुणाचा मरूनकडे. मी त्यांच्या कपाळाकडे बघून शाई कालवतो. नमुन्यांचा अल्बम उघडला की आई लाल-पिवळ्यापाशी थांबते, वडील कार्ड उलटं करून मागची किंमत बघतात, आणि मुलगी अल्बम मिटून फोन पुढे करते. शेवटी तिघंही म्हणतात, "तुम्हीच सांगा." आणि मी सांगतो. परक्यांच्या पोरींच्या लग्नाचे रंग मी ठरवले. त्यातल्या काहींच्या पोरींचेही आता ठरवतोय.

हे लिहिल्यावर स्वतःचीच दया आली. पाणी पिऊन आलो.

खरं तर बबडीचं काय चुकलं? तिने घरात जे पाहिलं ते ती बोलली. पडदे कुठले? चालतील. हॉलला रंग? तुम्ही ठरवा. शर्ट हीच आणते, मी घालतो. दिवसभर रंगांशी भांडून घरी आलेल्या माणसाला पडद्यांशी भांडायचं नसतं, हे घरच्यांना कसं कळणार? दादाने प्रेसमधून अंग काढून घेतलं तेव्हाही मी "चालेल" म्हणालो होतो. तो विषय नको.

आमच्या लग्नात तर रंग कुणी निवडलेच नव्हते. पिवळी अष्टपुत्री हिच्या मामांनी आणली, ती पिवळी असणार हे ठरलेलंच. चुडा हिरवा. शालू सासूबाईंनी कधी घेऊन ठेवला होता कोण जाणे. मांडववाल्याकडे जे कापड होतं ते लागलं. आमची पत्रिका गुलाबी, कारण त्या आठवड्यात गुलाबी कागद शिल्लक होता. मला एकाही गोष्टीबद्दल कुणी विचारलं नाही आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. मग आता साठी जवळ आल्यावर हे काय सुचलंय?

बहुतेक असं असावं. तेव्हा कुणीच कुणाला विचारत नव्हतं. आता सगळ्यांना विचारतात. बबडीने फोनवर फोल्डरच केलेत. हळदीचा वेगळा, सीमांतपूजनाचा वेगळा, मुहूर्ताचा वेगळा. फुलवाल्याला विचारलं, मेहंदीवालीला विचारलं, तिच्या ऑफिसातल्या कुठल्या मैत्रिणीने झेंडू नको सांगितलं तर झेंडू गेला आणि पांढरी शेवंती आली. (झेंडू नसलेला मांडव मला पटलेला नाही. पण हे मी इथे लिहितोय, तिथे बोललेलो नाही, हेही खरंच.) त्या सगळ्या यादीत माझ्याच नावापुढे उत्तर आधीच भरलेलं.

एक मान्य करतो. पोरीला नजर आहे. हळदीला सगळे पिवळे घालतात, ही म्हणाली पांढरं घालू, म्हणजे लागलेली हळद दिसेल. बरोबर आहे. पिवळ्यावर पिवळं छापून कुणाला दिसतं? पत्रिकाही तिनेच काढली. मोतिया कागद, कडेने पदरावरच्या मुनियांची ओळ, मजकूर हिरव्यात. गणपती लहानसा, वर एका कोपऱ्यात. छान काढलंय, मला जमलं नसतं. फक्त हिरवा तिने स्क्रीनवर निवडला. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, कागदावर शाईचा. त्यातून तो कागद बिनचकाकीचा, शाई पितो. तिचा हिरवा छापून आला असता तर वाळलेल्या पालेभाजीचा झाला असता. आणि नावं सोनेरी फॉइलमध्ये, इतक्या बारीक अक्षरात की नानांनी पत्रिका हातात घेऊन विचारलं असतं, लग्न कुणाचं?

तर आज मशीन थांबवून मी हिरवा कागदाच्या हिशोबाने पुन्हा कालवला. फॉइलचं अक्षरही एका मापाने जाड केलं. प्रूफ घरी आणलं. बबडीने दिव्याखाली धरलं आणि म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना, हा हिरवा मस्त येईल." ही म्हणाली, "पोरीने काढलीय शेवटी." मी काही बोललो नाही. आणि गंमत म्हणजे कालपासून छातीत जे अडकलं होतं ते त्या क्षणी बरंचसं सुटलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कुणालाच माहीत नसलेलं आपलं एखादं काम प्रत्येक पत्रिकेवर जाणार, यात एक हलकट आनंद आहे.

बरंचसं म्हटलं, सगळं नाही.

कारण जेवताना फेट्यांचा विषय निघाला. आमच्या बाजूच्या सगळ्या पुरुषांना पिस्ता. फोटोत मोतियाशेजारी तो छान दिसतो म्हणे. फोनवर फोटो फिरला, ही "गोड आहे" म्हणाली, बबडी पुढच्या फोटोकडे वळलीसुद्धा. माझा वर्ण बघता पिस्ता फेट्यात मी आजारी दिसेन. पुन्हा ती नजर माझ्यावर न येताच पुढे जाणार, तेवढ्यात मी म्हणालो, "मला पिस्ता चालणार नाही."

हिचा हात भाताच्या वाढणीत थांबला. बबडीने फोन खाली ठेवला. काल दोन तासांत जितकं माझ्याकडे बघितलं नव्हतं तितकं दोघींनी बघून घेतलं.

"मग कुठला?"

"डाळिंबी."

"बाबा, डाळिंबी तिकडच्या बाबांचा आहे. त्यांचं ठरलंय."

"मग त्यांना विचार, त्यांना पिस्ता चालतो का."