‘आधी किटली चालू करून दाखवा’

बाबांची किटली बिघडली नव्हती, तिची फक्त वायर हरवली होती. एवढं एक वाक्य समोरच्याच्या गळी उतरवण्यात माझे सव्वीस दिवस गेले आणि शेवटपर्यंत ते उतरलं नाहीच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या रेकॉर्डला आमची किटली आजही ‘चालू होत नाही’ म्हणून आली आणि ‘दुरुस्त होऊन’ गेली.

साताऱ्याचं घर आवरून बाबांना पुण्याला आणलं, त्या गडबडीत वायर कुठल्या खोक्यात गेली देव जाणे. किटली जुनी, स्टीलची, १५०० वॉटची. हल्लीच्या किटल्यांना खाली बैठक असते आणि वायर त्या बैठकीला असते. हिला तसं नाही. हिच्या पोटाला मागून तीन पिनांची खोबण आहे, त्यात वायर खोचायची. बाबांना पहाटे पाचला गरम पाणी लागतं आणि गॅस पेटवायला त्यांचा हात हल्ली थरथरतो, म्हणून किटलीवर एवढा जीव.

मला वाटलं, त्यात काय! घरात वायरींचं एक अख्खं ड्रॉवर आहे. जुन्या कॉम्प्युटरची काढली. तोंड तेच, तीन भोकं तीच, त्यांच्यातलं अंतर तेच. खोचली तर जेमतेम टोक आत गेलं आणि अडलं. दुसरी घेतली, तिचंही तेच. खोबणीत कचरा असेल म्हणून टूथब्रश फिरवला. बाबा म्हणाले, “अगं, जोर लाव.” लावला. नाहीच गेली.

म्हणून कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मॅडम, सिस्टीममध्ये ‘वायर हरवली’ असा ऑप्शन नाहीये. मी ‘चालू होत नाही’ टाकते.” मी बरं म्हणाले. माझी चूक तीच. त्या एका ‘बरं’ची किंमत पुढे २९९ रुपये झाली.

पाच दिवसांनी टेक्निशियन आला. पाठीवर सॅक, हातात मोबाईल. चपला काढल्या, पाणी प्यायला, किटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, “आधी किटली चालू करून दाखवा.”

मी म्हटलं, “वायर नाहीये, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

“वायरशिवाय चेक कसं करणार, मॅडम?”

“चेक करायचंच नाहीये. वायर हवी आहे.”

“वायर आम्ही आणत नाही. कंप्लेंट ‘चालू होत नाही’ची आहे.”

बाबा पेपरमागून हसत होते. बिचाऱ्याने किटली उलटी केली, मागचं स्टिकर वाचलं, दोन फोटो काढले आणि व्हिजिट चार्ज मागितला. तो दारातून बाहेर पडतोय तोवर मोबाईल वाजला: आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.

मग मी स्वतःच किटली पिशवीत घालून सेंटरला गेले. टोकन ४१. पाऊण तासाने नंबर लागला तर जॉबशीटसाठी बिल हवं. नऊ वर्षांपूर्वीचं बिल कोण ठेवतं? मॅनेजरशी बोलल्यावर बिलाशिवाय जॉबशीट झाली, पण त्यातही ‘तक्रारीचा प्रकार’ हा रकाना, आणि त्यात पुन्हा तेच चार पर्याय: चालू होत नाही, गळते, आपोआप बंद होते, इतर. मी ‘इतर’वर बोट ठेवलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “इतर टाकलं की ते हेड ऑफिसला जातं, महिना लागेल.” म्हणजे पुन्हा ‘चालू होत नाही’. बारा दिवसांनी पार्ट आल्याचा मेसेज. गेले. प्लास्टिकच्या पिशवीतून त्याने जी काढली ती कॉम्प्युटरचीच वायर, माझ्या ड्रॉवरमधल्या वायरींची सख्खी बहीण. मी तिथेच खोचून दाखवली, अडली.

“थोडं दाबा ना मॅडम, नवीन आहे म्हणून टाइट आहे.”

मी दाबलं. त्यानेही दाबलं. मग हळू आवाजात मला म्हणाला, “ब्लेडने इथे जरा खाच पाडा. सगळे तसंच करतात.”

इतक्या दिवसांत कोणी तरी पहिल्यांदा त्या खोबणीत वाकून बघितलं होतं, आणि बघून सुचलं काय, तर ब्लेड. मी वायर परत केली, सही दिली नाही आणि किटली घेऊन बाहेर पडले. तरीही संध्याकाळी ‘दुरुस्त’चा मेसेज आलाच, पाच पैकी तारे द्या म्हणून.

दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत. हे आधीच करायला हवं होतं, हे आता सगळेच सांगतात. तिसऱ्या दुकानात एक पंचाहत्तरीचे काका होते. किटली पिशवीतून काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, “खोबणीत उंचवटा आहे का, ताई?” किटली उजेडाकडे धरली, बोटाचं नख आत घालून म्हणाले, “हा बघा.” अर्थिंगच्या पिनेच्या बरोब्बर समोरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी बारीक कड होती. त्यांनी वरच्या फळीवरून एक वायर काढली. तिच्या तोंडाला त्याच जागी खाच. खोचली आणि ‘टक्’ आवाज झाला. तो आवाज मी घरी येईपर्यंत डोक्यात घोळवत होते.

त्या कडेचं कारण असं. या तोंडांना आंतरराष्ट्रीय नंबर आहेत, आयईसी ६०३२० या मानकातले. कॉम्प्युटरच्या वायरचं तोंड सी-१३, आणि ते ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या गरमीसाठी बनवलेलं. किटलीचं सी-१५, ते १२० अंशांपर्यंत. दोन्ही १० अँपिअरची, दिसायला जुळी. कॉम्प्युटरची वायर चुकूनही तापणाऱ्या भांड्याला लागू नये, म्हणून भांड्याच्या खोबणीत ती कड मुद्दाम दिलेली असते. उलट मात्र चालतं: किटलीची वायर कॉम्प्युटरला खुशाल लावा. ब्लेडने खाच पाडणं म्हणजे कुलूप तोडून आपल्याच घरात शिरणं. रबर मऊ होतं, मग वास येतो, मग तोंडापाशी काळं पडतं. वायरच्या तोंडाला विषम नंबर आणि यंत्राच्या खोबणीला पुढचा सम, हे काकांनीच सांगितलं. १३ ला १४, १५ ला १६.

काकांनी दुसऱ्या टोकाचा, बोर्डात खोचायचा टॉपही बघायला लावला, ते मला सुचलंच नसतं. १५०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. आपला साधा बारीक पिनांचा टॉप ६ चा. म्हणून त्यांनी जाड पिनांचा, १६ चा टॉप असलेलीच वायर दिली. आपली जुनी माणसं यांनाच ५ चा आणि १५ चा म्हणतात. आता किटली फ्रिजशेजारच्या पॉवर पॉइंटवरच लागते. एक्स्टेंशन बोर्डावर नाही, बाबांनी कितीही कटकट केली तरी.

आणि हो, वायर घेताना तिच्या अंगावरची बारीक अक्षरं वाचा. आयएसआयचा शिक्का, आणि तांब्याची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. आमची १.५ ची आहे. सेंटरवाल्याची ०.७५ ची होती, म्हणजे बरोबर निम्मी.

हा घोळ किटलीपुरताच नाही. नणंद जर्मनीहून आली की तिच्या ट्रिमरच्या दोन बारीक पिना आमच्या बोर्डात लुळ्या पडतात, चर्र आवाज येतो. त्या पिना ४ मिलिमीटरच्या, आपलं भोक ५ मिलिमीटरच्या पिनेसाठीचं. वर तिची ती सवय: बोर्डाच्या भोकांआडचं शटर उघडायला अर्थिंगच्या भोकात पेन खुपसायचा. अर्थिंगची पिन लांब ठेवतात ती शटर उघडण्यासाठी, आणि आधी जोडली जावी, शेवटी सुटावी म्हणूनही. पेनाने त्यातलं अर्धंच काम होतं. १०० रुपयांचा अडॅप्टर आणून दिलाय तिला. मात्र ट्रिमरच्या मागे खोचायची वायर, ती इंग्रजी आठच्या आकाराची, आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरची चालली. ते तोंड सी-७, अडीच अँपिअरचं, जगभर तेच. लॅपटॉपच्या चार्जरचं तीन पाकळ्यांचं सी-५, तेही अडीचचंच.

काकांनी वायरचे २६० घेतले, बिल दिलं. ते बिल मी किटलीच्या खोक्यात चिकटवून ठेवलंय.

बाबांनी काय केलं, तर ओट्यामागे खिळा ठोकून वायर तिथे टांगली आणि तिला दोऱ्याने पुठ्ठ्याचं लेबल बांधलं. त्यावर त्यांच्या थरथरत्या अक्षरात: ‘किटली. खाचवाली. कॉम्प्युटरला चालेल. कॉम्प्युटरची हिला नाही.’