टोंगाचा धक्का, लंडनचा आलेख

१५ जानेवारी २०२२ हा शनिवार होता. प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटांच्या देशात संध्याकाळचे सव्वापाच वाजत आले असताना हुंगा टोंगा–हुंगा हापाई या समुद्राखालच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. सोमवारी माझा अकरावीचा भूगोलाचा तास होता आणि त्या दिवशी शिकवायचा घटक होता ‘स्थलांतर’. करोनामुळे वर्ग पडद्यावरच भरत होते. हजेरी संपायच्या आतच चॅटमध्ये लिंका येऊन पडायला लागल्या. “मॅडम, हे पाहिलंत का?”

एका व्हिडिओत लालभडक लाव्हा झाडीतून वाहत होता. दुसऱ्यात लाट एका हॉटेलच्या आवारात घुसत होती, पण तारीख कुठेच नव्हती. तिसरी लिंक मात्र अस्सल निघाली. हिमावारी या जपानी उपग्रहाने दर दहा मिनिटांनी टिपलेली चित्रं एकामागोमाग लावलेली होती. निळ्या समुद्रावर एक करडं वर्तुळ उमटतं आणि बघता बघता छत्रीसारखं पसरत जातं.

लाव्हाचा निकाल मुलांनीच लावला. ज्वालामुखीचं मुख पाण्याखाली, वर डोकावत होता तो जेमतेम एका ओसाड बेटाचा तुकडा. मग ही झाडी आली कुठून? व्हिडिओ बाद. खऱ्याखोट्याची पारख करायला दर वेळी तपासणीचं वेगळं साधन लागतं असं नाही. कित्येकदा साधा नकाशा पुरतो.

चालू घडामोडी शिकवताना माझा एक हट्ट असतो. आधी वहीत अंदाज लिहायचा, संकेतस्थळ नंतर उघडायचं. नुसती बातमी वाचून दाखवली की मुलं माना डोलावतात आणि मागे उरतं ते सामान्यज्ञान: राजधानी नुकुआलोफा, लोकसंख्या सुमारे एक लाख. परीक्षेनंतर तेही पुसलं जातं. म्हणून विचारलं, “स्फोटाने हवेला धक्का बसला असेल, तर तो किती लांब गेला असेल?” वर्गाचं उत्तर फारतर फिजीपर्यंत गेलं. एकाने धीर करून न्यूझीलंड म्हटलं.

मग न्यूझीलंडच घेतलं. गूगल अर्थवरच्या मोजपट्टीने ज्वालामुखीपासून ऑकलंडपर्यंतचं अंतर आलं सुमारे २०५० किलोमीटर. तिथल्या एका हवामान केंद्राचा वायुदाबाचा आलेख उघडला. दिवसभर हळूहळू सरकणारी रेघ, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास एकदम उभी उडी. आता वेळेची वजाबाकी करायची, तर तिथेच पोरं अडकली. टोंगा १७५ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे पुस्तकी हिशोबाने ग्रीनिचच्या जवळजवळ बारा तास मागे. प्रत्यक्षात टोंगा तेरा तास पुढे! आंतरराष्ट्रीय वाररेषा तिथे वाकडी वळण घेऊन टोंगाला पश्चिमेकडच्या बाजूला ठेवते. टोंगाचा व्यवहार न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाशी, त्यामुळे वारही त्यांचाच. शिवाय जानेवारीत न्यूझीलंडची उन्हाळी वेळ चालू असल्याने दोन्हीकडची घड्याळं नेमकी जुळलेली. वाररेषा का वाकते हे मी दर वर्षी फळ्यावर काढून सांगते. त्या दिवशी ते वजाबाकीसाठी गरजेचं होतं, म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

पावणेदोन तासांच्या थोड्या वर वेळ, २०५० किलोमीटर. वेग आला ताशी अकराशेच्या वर, म्हणजे जवळपास ध्वनीच्या वेगाइतका. आता हा वेग धरून पुढचे अंदाज बांधायचे होते. वर्गाचे गट केले. एकाला टोकियो, एकाला लंडन. आलेख बंद, वही उघडी.

टोकियोचं अंतर साधारण ७८५० किलोमीटर, म्हणजे सात तास; जपानी वेळेने रात्री सव्वाआठ. आलेख उघडला तर रात्री आठ ते नऊच्या दरम्यान दाब सुमारे २ हेक्टोपास्कलने उसळलेला. लंडनचं अंतर साधारण १६५०० किलोमीटर. गटाने अंदाज दिला, संध्याकाळचे पावणेसात ते सात. लंडनजवळच्या केंद्राचा आलेख पडद्यावर घेतला, सातच्या आसपास बोट नेलं, आणि उडी तिथे होती. बंद मायक्रोफोन भराभर उघडले आणि एकच गलका झाला. शाळेतल्या वर्गात असतो तो गोंगाट त्या काळात मी जवळजवळ विसरले होते.

लंडनच्या गटातला एकजण मात्र गप्प होता. थोड्या वेळाने म्हणाला, “मॅडम, मध्यरात्रीनंतर अजून एक उडी आहे. लहान आहे, पण आहे.” बाकीच्यांचं मत पडलं की दुसरा स्फोट झाला असणार. मी काही बोलले नाही. फक्त पृथ्वीचा घेर विचारला. ४०००० किलोमीटर. त्यातून १६५०० गेले, उरले २३५००. त्याला भाग दिला तर आले जवळपास एकवीस तास, म्हणजे पहाटेचा एक वाजून गेलेला. धक्का तोच होता, फक्त जगाला उलट्या बाजूने वळसा घालून आलेला. पृथ्वी गोल आहे हे पहिलीपासून ठाऊक असलेली मुलं त्या दोन उड्यांकडे बघतच राहिली. त्या दोन लाटा समोरासमोर कुठे भेटल्या असतील, हे शोधायला एका गटाने पृथ्वीगोल फिरवला. टोंगाच्या नेमक्या पाठीमागे निघाला दक्षिण अल्जीरिया, सहारा वाळवंट.

इथे मी इंडोनेशियातल्या क्राकाटोआ ज्वालामुखीचं नाव काढलं. २७ ऑगस्ट १८८३ च्या त्या स्फोटानंतरही जगभरच्या वायुभारमापकांवर अशाच उड्या उमटल्या होत्या. पण त्या नोंदी गावोगावच्या वेधशाळांतून गोळा करून लंडनच्या रॉयल सोसायटीचा अहवाल छापून यायला १८८८ साल उजाडलं. आमच्या वर्गाने त्यातला एक कोपरा एका तासात करून पाहिला होता, तोही अंथरुणावर लोळत हजेरी देणाऱ्या मुलांकडून.

टोकियोच्या गटाला मी त्सुनामीचा हिशोब दिला. चार हजार मीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी सुमारे ७०० किलोमीटरने धावते. म्हणजे जपान गाठायला अकरा तास हवेत. पण तिथल्या समुद्राची पातळी त्याच्या कितीतरी आधी हलू लागली होती. हवेतली दाबाची लाट पुढे धावताना खालच्या पाण्यालाही ढकलत नेते, हे नेहमीच्या इशारा-यंत्रणेच्या गणितात बसत नव्हतं. जपानच्या हवामान संस्थेने आधी नुकसानीची भीती नाही असं कळवलं होतं. अमामी बेटावर १.२ मीटरची लाट नोंदली गेल्यावर मध्यरात्री इशारा निघाला आणि लोकांना झोपेतून उठून उंचावर जावं लागलं. थेट उड्या मोजण्यात रमलेला वर्ग इथे जरा सावध झाला.

मग एका मुलीने विचारलं, “मॅडम, टोंगाचाच आलेख का सापडत नाही?”

ती बराच वेळ शोधत बसली होती. लंडन सापडतं, टोकियो सापडतं, आणि जिथे स्फोट झाला तिथलं काहीच नाही. मी जगाच्या समुद्राखालच्या केबलींचा नकाशा उघडला. अटलांटिकमध्ये रेघांचा नुसता गुंता. टोंगाला मात्र बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच रेघ, फिजीकडे जाणारी, ८२७ किलोमीटरची. स्फोटाने ती तुटली होती. आम्ही शनिवारपासून जे काही पाहत होतो ते सगळं टोंगाच्या बाहेरून टिपलेलं होतं, आकाशातून किंवा हजारो किलोमीटरवरून. तिथल्या माणसांचा एक शब्दही त्यात नव्हता. ऑनलाइन साधनं वापरून भूगोल शिकवायचा म्हटलं की आपण संकेतस्थळांची यादी करतो. त्या साधनांचाही एक भूगोल असतो, हे त्या पोरीच्या प्रश्नाने वर्गासमोर आलं.

“मग त्यांचे नातेवाईक?” कुणीतरी म्हणालं. आणि ठरवलेला घटक आपल्या पायांनी चालत आला. २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्येच ८२ हजारांहून जास्त लोकांनी स्वतःला टोंगन म्हणून नोंदवलं होतं. मायदेशाची लोकसंख्या एक लाखाच्या जराशी वर. देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून जास्त रक्कम बाहेरून, घरच्यांसाठी पाठवलेली. केबल तुटली म्हणजे ऑकलंडमधल्या मुलाला आई सुखरूप आहे का ते कळेना, आणि पैसे पाठवायची वाटही अडली. पुस्तकात ‘स्थलांतराचे परिणाम’ या शीर्षकाखाली चार मुद्दे आहेत. त्यात समुद्रतळ नाही.

भूगोलाच्या पुढच्या काही तासांना हाच धागा चालू राहिला. विमानतळाच्या धावपट्टीवर राख साचल्याने मदतीची विमानं २० जानेवारीपर्यंत उतरू शकली नाहीत. त्यात टोंगा तोवर करोनापासून जवळजवळ मुक्त होता. मदत आत घ्यावी की न घ्यावी यावर वर्गात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, राखेने पाणी खराब झालंय, आधी पाणी द्या. दुसऱ्यांचं म्हणणं, एक रोगी आला तर लाखभर लोकांच्या देशात दवाखाने किती? स्वतः करोनापायी घरात अडकलेली मुलं हे बोलत होती, त्यामुळे वाद पोपटपंचीचा नव्हता. टोंगाने माणसांचा संपर्क टाळून मदत उतरवून घेतली. तरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला राजधानीच्या बंदरात काम करणाऱ्या दोघांना लागण झाल्याचं आढळलं आणि टाळेबंदी लागली. आंतरराष्ट्रीय केबल जोडली गेली ती २२ फेब्रुवारीला.

बंदराची बातमी आली त्या दिवशी दोन्ही तट “आम्ही सांगतच होतो” म्हणून एकमेकांवर तुटून पडले. मी निकाल दिला नाही. टोंगाच्या सुमारे १७० बेटांचा नकाशा पडद्यावर घेतला, त्यातली वस्ती असलेली ३६ रंगवायला सांगितली, आणि पाणी कुठल्या बेटावर आधी पोचवायचं तो क्रम दोन्ही तटांकडून लिहून मागितला.